एकटीनं जायचंय? आधी घड्याळ बघा!

सोलो ट्रिप! ऑफिसातलं कुणीतरी लेहहून परत येतं, लंचटाइमला फोटो दाखवतं आणि आपल्याही डोक्यात किडा वळवळायला लागतो. लीव्ह शिल्लक आहे, वापरली नाही तर लॅप्स होणार. मैत्रिणींना विचारावं तर एकीचं लग्न, दुसरीचं अप्रेझल, तिसरीचं बाळ लहान. म्हणजे जायचं तर एकटीनंच. इथपर्यंत सगळं झकास ठरतं. मग आई एकच प्रश्न विचारते, ‘अगं, पण ते सेफ आहे का?’ आणि गाडी तिथंच अडते.

खरं सांगू? आईचा प्रश्न बरोबरच आहे. गडबड होते ती उत्तर शोधताना. आपण ‘मुलींसाठी टॉप टेन सेफ ठिकाणं’ अशी यादी शोधतो. यादीत पाँडिचेरी असते, हंपी असते, सिक्कीम असतं. पण यादी फक्त गावाचं नाव सांगते. गावातला कुठला भाग, कुठला महिना आणि मुख्य म्हणजे किती वाजता, हे काही ती सांगत नाही.

हंपीचंच घ्या. बॅकपॅकर्सचं लाडकं ठिकाण. तिथून जवळच सणापूरला ६ मार्च २०२५ च्या रात्री कालव्याकाठी पाच जण बसले होते. तीन पुरुष, दोन महिला. दोन्ही महिलांवर बलात्कार झाला, पुरुषांना कालव्यात ढकललं गेलं आणि त्यातल्या एकाचा मृत्यू झाला. दोष त्या पाच जणांचा नाही, गुन्हेगारांचाच. पण दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. ‘सोबत कुणी पुरुष असला की झालं’ हे खरं नाही. आणि दिवसा गजबजलेली जागा रात्री वेगळीच जागा असते.

मी गेली सात-आठ वर्षं वर्षातून एक-दोनदा एकटी फिरतेय. ठाण्यात घर, पवईत नोकरी, त्यामुळे सुट्ट्या मोजक्याच. एवढ्या वर्षांत माझ्या चार चाचण्या ठरून गेल्यात. ठिकाण त्यात पास झालं, तरच तिकीट.

उजेडात पोचता येतं का?

पहिला प्रश्न ‘कुठं’ नाही, ‘किती वाजता’. मालवणचं उदाहरण घ्या. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरायचं आणि पुढं तीसेक किलोमीटर एसटी नाहीतर रिक्षा. मांडवी एक्स्प्रेस मुंबईहून सकाळी सुटते, कुडाळ येईपर्यंत संध्याकाळ होते. हिवाळ्यात गाडी जरा लेट झाली की काळोखच. कोकणकन्या मात्र रात्री सुटते आणि सकाळी कुडाळला सोडते. बाहेर पडलात की एसटी चालू, चहाच्या टपऱ्या चालू, कॉलेजच्या पोरी बसची वाट बघत उभ्या. गाव तेच, अंतर तेच. फरक फक्त वेळेचा!

आणि हो, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. गाड्या सावकाश चालतात, वेळा बदलतात. जूननंतर निघणार असाल तर जुन्या तिकिटावरची वेळ धरून चालू नका.

सिक्कीमचंही तसंच. बागडोगरा विमानतळावरून गंगटोकपर्यंत साधारण सव्वाशे किलोमीटरचा घाटरस्ता. चार-पाच तास सहज जातात. हिवाळ्यात तिकडं पाचच्या सुमारासच अंधारतं. शेअर जीपही सकाळपासून दुपारपर्यंतच मुबलक. त्यामुळे दुपारी उशिरा उतरणारं स्वस्त विमान स्वस्त राहतच नाही. एक तर सकाळचं घ्या, नाहीतर रात्र सिलिगुडीला काढा.

रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेसमध्ये स्लीपर क्लासला सहा बर्थ लेडीज कोट्यात असतात. एकटी असा किंवा बायकांच्या ग्रुपमध्ये, वयाची अट नाही. जनरल कोट्यात वेटिंग दिसलं म्हणून लगेच प्लॅन गुंडाळू नका, हा कोटा बघा.

रात्री आठची परीक्षा

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. रात्री आठ वाजता त्या गावात बायका रस्त्यावर दिसतात का? आणि त्यातही बिनकामाच्या बायका? भाजी घेऊन लगबगीनं घरी निघालेल्या नव्हे, तर नुसत्याच बसलेल्या, गप्पा मारणाऱ्या, आइस्क्रीम खाणाऱ्या.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं पुस्तक २०११ मध्ये आलं. मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा हा त्याचा विषय. बाई घराबाहेर दिसली की तिच्याकडे काहीतरी ‘काम’ असलंच पाहिजे, या सक्तीवर त्यांनी बोट ठेवलं. तेव्हापासून मी कुठंही गेले की आधी रिकाम्या बसलेल्या बायका शोधते. जिथं त्या आहेत तिथं मीही बसू शकते.

पाँडिचेरी या परीक्षेत फर्स्ट क्लास. समुद्राकाठचा प्रोमनाड रोज संध्याकाळी गाड्यांना बंद होतो. मग आज्या, पोरं, नवी जोडपी, सगळं गाव तिथं. मी तिथं दोन संध्याकाळी दोन-दोन तास नुसती बसले होते, कुणी ढुंकूनही बघितलं नाही. गंगटोकचा एम. जी. मार्गही तसाच. फक्त पायी चालणाऱ्यांचा रस्ता, मध्ये बाकं आणि बाकांवर बायका.

गोव्यात मात्र सरसकट उत्तर नाही. पणजीत संध्याकाळी फिरणं वेगळं आणि आडबाजूच्या बीचवरून रात्री खोलीवर परतणं वेगळं. रात्री आठ-साडेआठनंतर लोकल बस तुरळक होतात. स्कूटी चालवता येत नसेल तर खोली अशा ठिकाणी घ्या जिथून जेवायला पायी जाता येईल.

काउंटरमागं कोण आहे?

तिसरी चाचणी राहण्याची. एका तालुक्याच्या गावात मी फोन करून खोली विचारली. समोरून उत्तर आलं, ‘मॅडम, सिंगल लेडीला आम्ही देत नाही.’ का, तर म्हणे पॉलिसी. ओळखपत्र दाखवणाऱ्या सज्ञान बाईला खोली नाकारावी असा कुठलाही कायदा नाही. पण भांडण रात्री नऊला बॅग घेऊन दारात उभं राहून करण्यापेक्षा आधी फोनवर उरकलेलं बरं. म्हणून बुकिंगआधी फोन करतेच. तीन प्रश्न ठरलेले. एकटीला खोली देता का? रात्री रिसेप्शनवर कुणी असतं का? दाराला आतून कडी आहे का? उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा सूर जास्त सांगून जातो.

शक्यतो मी बाई चालवते असं घर शोधते. मालवणजवळच्या एका होमस्टेत काकींनी दारातच विचारलं, ‘एकटाच इलंस गो बाय?’ मी म्हटलं, हो. त्यावर एकही पुढचा प्रश्न नाही. थेट सोलकढीची वाटी हातात! दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर जायची होडी किती वाजता, कुठल्या रस्त्यानं संध्याकाळी जाऊ नये, कुणाची रिक्षा घ्यावी, सगळं त्यांनीच सांगितलं. ही माहिती कुठल्याही यादीत मिळत नाही.

केरळ मला आवडतं ते यासाठीच. तिथं कामावर बायका दिसतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’च्या बायका कॅन्टीन चालवतात, कोची मेट्रोच्या स्टेशनांवरही त्या कामाला आहेत. फोर्ट कोचीला एर्नाकुलमहून बोटीनं जाता येतं आणि २०२४ पासून वॉटर मेट्रोही जाते. तिकीट खिडकीवर, बसमध्ये, हॉटेलात बाई दिसली की अर्धी धाकधूक तिथंच संपते. काही अडलं तर विचारायचं कुणाला, हा प्रश्नच राहत नाही.

परतीची वाट माहितीय?

चौथी चाचणी म्हणजे नकोसं वाटलं तर निघता येतं का. तुमच्या खोलीपासून स्टॅण्ड किती लांब? शेवटची बस, शेवटची बोट कितीला? फोनला रेंज आहे का? पावसाळ्यात रस्ता बंद पडला तर? ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस्तेला आलेल्या पुरानं सिक्कीममधले पूल आणि रस्ते वाहून नेले, हजारो पर्यटक अडकले. एकटीच्या ट्रिपमध्ये परतीचा दुसरा रस्ता म्हणजे चैन नव्हे, गरज आहे. पहिल्या दोन रात्रींचंच बुकिंग करा. जागा आवडली तर वाढवा, नाही आवडली तर सरळ बॅग उचला. पैसे वाया गेले असं मनात आणू नका.

फोनमध्ये ११२ हा देशभरचा इमर्जन्सी नंबर आणि रेल्वेचा १३९ सेव्ह करून ठेवा. घरच्या एकाच माणसाला रोजचा प्लॅन कळवा. एकालाच! दहा जणांना कळवलं की दहा जणांचे फोन येतात आणि ट्रिप फोनवरच संपते.

मग पहिली ट्रिप कुठली?

तीन-चार दिवस असतील आणि बजेट टाइट असेल तर मालवण. भाषा आपली, माणसं आपली, एसटी आपली. सायकल भाड्यानं घेऊन भटकायचं असेल तर पाँडिचेरी. आठवडा असेल आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकट्या निघत असाल तर फोर्ट कोची. गंगटोक दुसऱ्या किंवा तिसऱ्या ट्रिपसाठी ठेवा, कारण तिथं हवामान आणि घाट दोन्ही सांभाळावे लागतात.

या चारही चाचण्या पास झालेल्या गावात वाईट काही घडणारच नाही, अशी गॅरंटी मी देऊ शकत नाही. पण घराची तरी कुठं आहे? नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते. बलात्काराच्या नोंदवलेल्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीतलाच असतो. म्हणून अनोळखी गाव आपोआप सुरक्षित ठरत नाही, हे खरं. पण ‘बाहेर धोका, घरात सुरक्षित’ हे गणितही तितकंच कच्चं आहे. याच गणितावर आपल्या किती मैत्रिणींच्या ट्रिपा रद्द झाल्या असतील?

तेव्हा आईशी वाद घालू नका. तिच्यासमोर कागद ठेवा. गाडी इतक्या वाजता पोचते, खोली या काकींची आहे, रात्री जेवण दोन मिनिटांवर, परतीची बस अमुक वाजता. ‘तुला माझ्यावर विश्वास नाही का?’ या डायलॉगपेक्षा हा कागद जास्त काम करतो. माझ्या आईनं पहिल्या वेळी तो दोनदा वाचला, मग म्हणाली, ‘सकाळी पोचतेस ना? मग जा.’