कामगार-वसाहतींतील ऊन पाणी

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यांत घर तापविण्याची गरज सहसा पडत नाहीं. पण स्नानाचें पाणी मात्र तापवावें लागतें. पौषांतल्या थंडींत पहिल्या पाळीवर निघणाऱ्या कामगाराच्या घरीं दिवसाचा आरंभ याच कामानें होतो.

१९५२ सालीं केंद्र सरकारनें औद्योगिक कामगारांच्या घरांसाठीं अर्थसाहाय्याची योजना सुरू केली. १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. तें २०२१ सालीं विसर्जित झालें, वसाहती मात्र राहिल्या. संत तुकारामनगरांत म्हाडाचीं घरें उभीं राहिलीं. अशा जुन्या घरांतील न्हाणी बहुधा लहान व खिडकी अरुंद असते.

पूर्वीं घरोघर तांब्याचा बंब असे. मधल्या नळकांड्यांत लांकूड किंवा कोळसा जळे आणि भोंवतालचें पाणी तापे. पुढें विजेचा गीझर आला, त्यामागून गॅसचा. बंबाचा धूर डोळ्यांस झोंबे. गॅसचा धोका दिसत नाहीं. बंद न्हाणींत ज्वाळेला हवा अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड हा वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक जोरानें संयोग पावतो. मनुष्य मदतीस हांक मारण्यापूर्वींच बेशुद्ध होऊं शकतो. म्हणून गॅसचें यंत्र न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेंत असावें, आणि न्हाणींतही वारा खेळता असावा.

यापेक्षां निर्धोक उपाय गच्चीवर आहे. चौघांच्या कुटुंबास ८० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचें, तर सुमारें दोन युनिट वीज लागते. १६ बिऱ्हाडांच्या इमारतींत रोज ३२ युनिट. तेंच काम सूर्य करूं शकतो. कांचेच्या दुहेरी नळ्यांमधील पोकळी निर्वात असल्यानें आंत सांठलेली उष्णता बाहेर जात नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन टाकींत चढतें, थंड पाणी खालीं उतरतें. पंपाची गरज पडत नाहीं.

परंतु यंत्र विकत घेतलें म्हणजे काम संपलें, असें नव्हे. दर बिऱ्हाडास १०० लिटर धरल्यास १६ बिऱ्हाडांचें पाणीच १६०० किलो भरतें. तें जुनी गच्ची पेलेल काय, हें इंजिनियरनें प्रथम पाहावें. १५ मिलिमीटर व्यासाच्या २० मीटर नळांत सुमारें साडेतीन लिटर पाणी मावतें. गच्चीवरचें ऊन पाणी तळमजल्यावर पोंचेपर्यंत तेवढें थंड पाणी प्रत्येक वेळीं वाहून जातें. यास्तव नळांस उष्णतारोधक वेष्टन हवें आणि पाण्याची वेळ ठरलेली हवी. विहिरीचें पाणी जड असल्यास क्षार बसतात, म्हणून नळ्यांची सफाई हवी. आणि पावसाळ्यांतील अभ्राच्छादित दिवसांसाठीं विजेची पुरवणी हवी.

यांतील एकही गोष्ट एकट्या बिऱ्हाडाच्या हातची नाहीं. वरच्या मजल्यानें आपल्यापुरती टाकी बसविली, तर जागा अडते आणि तळमजला गॅसच्या गीझरवरच राहतो. बंब ज्याचा त्याचा होता. गच्ची सर्वांची आहे. म्हणून जुनें साधन बदलण्याचा विचार दुकानांत नव्हे, गृहसंस्थेच्या सभेंत व्हावयास हवा. आणि तेथें पहिला प्रश्न तळमजल्यावरील बंद न्हाणीचा निघावा.