कंट्रोलरची मर्जी

भंडाऱ्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात तुमसरच्या राइस मिलचा विंडोज ९८वाला पीसी उघडून ठेवलाय. फाइल कॉपी करायला घेतली की माउसचा बाणसुद्धा अडखळतो. मिलवाले म्हणतात, डिस्क म्हातारी झाली. दुकानदार डिस्कला कान लावतो. "काहून घाई करता जी? आवाज तर चांगला आहे."

सगळ्यात आधी त्याने डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरवर लावली आणि पूर्ण उतरवून घेतली. धानखरेदीची खाती तिथेच वाचली. पण मिलला जुने कागद छापून हवेत. हिशेबाचा डॉस प्रोग्रॅम प्रिंटर पोर्टवरच्या डाँगलशिवाय उघडत नाही, म्हणून हेच मशीन धावायला हवं.

डॉस डिस्कच्या कंट्रोलरशी थेट बोलत नसे. काम मदरबोर्डवरच्या बायोसकडे जाई आणि बायोसची मर्यादा तीच डॉसची. बायोसला १०२४ सिलिंडर मोजता येत, आयडीईला १६ हेड; ६३ सेक्टर धरून हिशेब ५२८ एमबीवर अडे. विंडोज ३.१ने बायोसला बगल देऊन पाहिली, पण तिचा ड्रायव्हर वेस्टर्न डिजिटलच्या डब्ल्यूडी १००३ धाटणीचेच कंट्रोलर ओळखे. विंडोज ९५ आपले ३२ बिट ड्रायव्हर घेऊन आली. मात्र वाटेत काही संशयास्पद दिसलं की ती निमूट बायोसकडे परतते. काम चालतं, रडतखडत.

इथे विंडोज ९८चंही तेच झालेलं. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या परफॉर्मन्स पानावर 'कम्पॅटिबिलिटी मोड'ची ओळ होती. दुकानदाराने विंडोज फोल्डरमधली आयओएस.लॉग उघडली. तिथे एमबीआरइंट१३.सिस हे नाव दिसलं, तर बूट सेक्टरमध्ये व्हायरस किंवा मोठ्या डिस्कसाठी घातलेला जुना प्रोग्रॅम असण्याची शक्यता. इथे व्हायरस निघाला. तो काढला, पण वेग आला नाही. ड्रायव्हर एकदा फसला की विंडोज रजिस्ट्रीत 'नोआयडीई' अशी नोंद करून ठेवते आणि पुन्हा प्रयत्नच करत नाही! ती नोंद खोडून मशीन पुन्हा चालू केल्यावर कंट्रोलरच्या नावापुढची पिवळी खूण गेली. मग डीएमएच्या चौकटीत टिक. आता बाइट न् बाइट हलवायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात नाही. प्रोसेसरकरवी चालणाऱ्या पीआयओ मोड ४ची कमाल सेकंदाला १६.६ एमबी, सुरुवातीच्या अल्ट्रा डीएमएची ३३.

वेगाचा हव्यास महागही पडे. १९९३च्या डॉस ६.० मधला स्मार्टड्राइव्ह लिहायचा मजकूर मेमरीत थोपवून धरी. तेवढ्यात वीज गेली की नोंदी गायब. त्याच वर्षी आलेल्या ६.२ने, मजकूर डिस्कवर पोचल्याशिवाय प्रॉम्प्ट परत द्यायचा नाही, असं ठरवलं. विजेचा भरवसा नसलेल्या गावांसाठी हा बदल कुठल्याही वेगापेक्षा मोलाचा होता, असं माझं मत आहे.

तुमच्या गिरणीत, पतसंस्थेत असा पीसी असेल तर तो भंगारात देऊ नका, फॉरमॅटही करू नका. आधी डिस्क पूर्ण कॉपी करून घ्या. ड्रायव्हरची दुरुस्ती त्यानंतर.