समुद्राचं वय : दोन किनारे, दोन वजावटी

तळाच्या गाळात राहणारे आणि वरच्या पाण्यात तरंगणारे फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय समुद्री जीव), यांच्या वयांतला फरक आज घ्यायचा होता. तो पुढच्या आठवड्यात घेऊ. कुंडलहून एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकणं मला बरोबर वाटत नाही. ते विचारतात, "समुद्री कवचाच्या कार्बन-१४ वयातून चारशे वर्षं वजा करायची म्हणालात. ती सगळ्या समुद्रांना सारखीच कशी? आमच्याकडचा पाऊस कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो, कोकणातला अरबी समुद्रात. दोन्हीकडचं पाणी एकाच वयाचं असेल का?"

नसतं. किती वेगळं असतं, हे कौशिक दत्ता, रवी भूषण आणि बी. एल. के. सोमयाजुलू यांनी मोजून २००१ साली प्रसिद्ध केलं. हे काम माझं फार लाडकं आहे, कारण त्याला लागली ती अवघी सात कवचं : १९३० ते १९५४ या काळात गोळा केलेले शंख-शिंपले. या सालांना महत्त्व आहे. पुढच्या अणुचाचण्यांनी हवेत इतका नवा कार्बन-१४ सोडला की १९६३च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या हवेत त्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. तिथून तो समुद्रातही उतरला. त्यामुळे १९६५ सालचा शिंपला जुन्या समुद्राबद्दल काही सांगू शकत नाही.

अरबी समुद्रातल्या कवचांची वयं ४३४ ते ६९३ वर्षं निघाली. म्हणजे प्राणी विसाव्या शतकातला, पण सगळ्यात जुन्या कवचाचा आकडा जसाच्या तसा वाचला तर देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हाचा! उपसागराच्या बाजूची वयं ४०८ ते ५११. जगाच्या सरासरी वजावटीवर उत्तर अरबी समुद्रासाठी आणखी १६३ वर्षं धरावी लागतात. अंदमानकडे मात्र फक्त ११ आणि दक्षिण उपसागरात ३२.

असं का व्हावं? कवच ज्या पाण्यात घडतं त्याच पाण्यातला कार्बन घेतं. हवेपासून तुटून खोलात राहिलेल्या पाण्यातला कार्बन-१४ घटत जातो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत वाहतात, तेव्हा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि खालचं थंड, जुनं पाणी वर येतं. उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी यांचं गोडं पाणी दुधावर साय धरावी तसं वर पसरतं आणि खालच्या पाण्याला वर येऊ देत नाही. कृष्णेचा वाटा त्यात लहान, पण आहे. मधल्या थरांपर्यंत ताजं पाणी पोचण्याचा वेग दोन्ही समुद्रांत वेगळा असावा, असंच या तिघांनीही म्हटलं आहे.

फोरॅमिनिफेरा वेचणाऱ्याला हे कायम डोक्यात ठेवावं लागतं. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स ही जात अरबी समुद्रात वर येणाऱ्या थंड पाण्यात फोफावते. ग्लोबिजेरिनॉइड्स रूबर उबदार पृष्ठभागावर रमते. गाळाच्या एकाच थरातल्या या दोघींची वयं जुळतीलच असं नाही. म्हणून ओल्या कुंचल्याच्या टोकाने वाळूच्या कणाएवढी कवचं उचलताना जाती वेगळ्या ठेवायच्या.

खरी अडचण याच्या पुढची. १६३ हा विसाव्या शतकाचा आकडा आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, उन्हाळी मोसमी वारे दुबळे होते. तेव्हाच्या कवचाला आजची वजावट लावली तर काळ चुकतो. पण त्याच थरातल्या एखाद्या लाकडाच्या तुकड्याचं वय हाती आलं, तर त्या वेळची वजावट काढता येते आणि खालचं पाणी तेव्हा किती वर येत होतं याचाही अंदाज बांधता येतो. माझ्या मते या शास्त्रातलं सगळ्यात सुंदर काम हेच आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात १९५५ आधीचे समुद्री शंख-शिंपले असतील, तर त्यांच्यासोबतची चिठ्ठी जपा. ठिकाण, साल आणि प्राणी जिवंत सापडला होता का, एवढं तिच्यावर असलं तर तो नमुना मोलाचा आहे. चिठ्ठी हरवलेल्या शिंपल्यावरून वजावट काढता येत नाही.