राधेयाचे कुळ

कर्णाची गोष्ट निघाली म्हणजे आमच्यासारख्या घरांतून एक प्रकार हटकून घडतो. दिवेलागण झालेली असते, मुले आजीभोवती बसलेली असतात, भूमीने रथाचे चाक गिळल्याचा प्रसंग येतो आणि आजीचा कंठ दाटून येतो. मग माजघरातून कोणीतरी म्हणते, "बिचारा! खरे म्हणजे कुंतीचाच मुलगा. पण जन्मभर सूतपुत्र म्हणवून घ्यावे लागले हो!" आम्हीही कित्येक वर्षे हाच उसासा टाकीत आलो. त्यात काही चुकत असेल अशी शंका आम्हांस आली नाही. अलीकडे मात्र वाटू लागले आहे की, तो अखेर क्षत्रिय निघतो म्हणूनच त्याच्यासाठी रडणे आपणांस सोपे जाते. कर्ण खरोखरीच अधिरथाच्या पोटचा असता तर आजीचा कंठ दाटला असता काय?

व्यासांनी रंगविलेला कर्ण या उसाशाहून फार निराळा आहे. आदिपर्वात शस्त्रपरीक्षेच्या वेळी कृपाचार्य त्याचे कुळ विचारतात तेव्हा त्याचे तोंड उतरते, हे खरे. परंतु पुढे काय घडते ते पाहावे. दुर्योधन त्याला तेथल्या तेथे अंगदेशाचा राजा करतो. अभिषेकाचे पाणी अजून केसांतून निथळत आहे, तोच काठी टेकीत, घामाघूम झालेला, थरथरणारा म्हातारा सारथी गर्दीतून वाट काढीत रंगभूमीवर येतो. सर्व राजकुल पाहत आहे. ओळख न दाखविण्याची एवढी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि ते ओले मस्तक म्हाताऱ्याच्या पायांवर ठेवतो. भीम लगेच चाबकाची आठवण करून देतो. पण नमस्कार व्हावयाचा तो होऊन गेलेला असतो.

उद्योगपर्वात तर याहून मोठी गोष्ट आहे. शिष्टाई फसल्यावर परतताना कृष्ण त्याला रथात घेतो आणि जन्मरहस्य सांगतो. तू ज्येष्ठ पांडव, राज्य तुझे, पाचही भाऊ तुझ्यामागे चालतील. ज्या कुळासाठी जन्मभर हिणवले गेले, ते कुळ ओंजळीत आणून ठेवलेले! त्यावर कर्णाचे उत्तर आम्ही वर्गात कितीदा शिकविले असेल याची गणती नाही, परंतु ते ऐकले मात्र फार उशिरा. तो म्हणतो की, अधिरथाने मला घरी आणले, मला पाहून राधेला पान्हा फुटला, माझे जातकर्म त्यांनी केले, वसुषेण हे नाव त्यांनी ठेवविले, सूतांच्याच मुलींशी माझी लग्ने लावली, मला मुले-नातवंडे झाली. आता सारी पृथ्वी दिली तरी हे नाते खोटे करता येत नाही. सूतपणा ही चुकून पदरी पडलेली गोष्ट आहे असे तो मानीत नाही. तेच आपले घर, असे तो म्हणतो. शिवाय कृष्णाला विनवितो की, हे धर्मराजाला कळू देऊ नकोस. कळले तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाच्या हाती ठेवीन. तेथून पुढे रणात पडेपर्यंत हे गुपित त्याला एकट्याने वाहावयाचे आहे. ज्यांना मारावयाचे ते भाऊ, आणि ज्यांच्या बाजूने लढावयाचे त्यांना हे सांगण्याची सोय नाही. कर्णाचे खरे एकाकीपण येथे आहे. स्वयंवरात द्रौपदीने सूत म्हणून नाकारल्याचा जो प्रसंग सर्वतोमुखी आहे, तो पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत घेतलेलाच नाही. अपमान वाढवून सांगण्याचा मोह मागाहूनच्या लोकांस आवरला नसावा.

असा हा मानी पुरुष एकदाच आपले कुळ लपवितो. परशुरामापाशी तो आपण भार्गव ब्राह्मण असल्याचे सांगतो. गुरू मांडीवर डोके ठेवून निजले असता किडा मांडी पोखरतो, रक्त वाहते, हा हालत नाही. आणि तेवढ्याच सोसण्यावरून गुरू ओळखतात की हा ब्राह्मण नव्हे. मग शाप. भासाने 'कर्णभार' नाटकात हीच हकीगत शल्याजवळ कर्णाच्या तोंडी घातली आहे. रथ युद्धाकडे निघालेला आणि मनात ही जुनी गोष्ट! लपविलेले कुळ माणसाला शेवटच्या दिवशीही सोडीत नाही, हे त्या नाटककाराने अचूक हेरले.

आमच्या मराठीत १९६७ साली शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' आले, १९७३ साली रणजित देसाईंचे 'राधेय' आले, आणि घरोघरी कर्णाचे वाचन झाले. त्याआधी १९६३ साली बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह निघाला होता. तो मात्र आमच्या वाड्यात कोणी आणला नाही. आम्ही स्वतः तो निवृत्तीनंतर वाचला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि उघडकीस आल्यावर बेदम मार खातो. मारणाऱ्या हातांहूनही तो मनूलाच अधिक जबाबदार धरतो. त्याच कथेत त्याचा एक जातभाई आहे, काशीनाथ. तो जात लपवीत नाही, उघडपणे सांगतो आणि भांडतो. दोघेही पोळतात, परंतु लपविणारा जो घास खातो, ज्या माणसांच्या मायेत बसतो, ती माया आपल्यावर नाही, आपण घेतलेल्या सोंगावर आहे, हे त्याला क्षणोक्षणी जाणवत राहते. काशीनाथाला शत्रू पुष्कळ आहेत, पण हे दुःख नाही. श्री. म. माटे यांनी १९४१ साली 'उपेक्षितांचे अंतरंग' लिहिले तेव्हा पुण्याच्या वस्त्यांतून अस्पृश्य मुलांस शिकविण्यात त्यांची बरीच वर्षे गेलेली होती; आपल्या घरांनी ते पुस्तक आदराने वाचले. बागुलांच्या कथेत आणि त्यात फरक एवढाच की, येथे आतला माणूस स्वतः बोलतो, आणि त्याला ऐकताना वाचकाला आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे विसरता येत नाही.

आमची स्वतःची बाजू कोणती होती, ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

भोर गाव वरंध घाटाच्या वाटेवर आहे. घाट उतरला की महाड. १९२७ च्या मार्चात डॉ. आंबेडकरांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते आमच्यापासून एका घाटाच्या अंतरावर. इकडे नसरापूरमार्गे वेल्ह्याला जावे तो तोरण्याच्या आणि राजगडाच्या कुशीत, गावांपासून थोड्या दूर, कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. खैराचा कात काढणारे ते कातकरी. पुढे कात गेला आणि कोळशाच्या भट्ट्या व वीटभट्ट्या राहिल्या. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जावयाची आणि पावसाच्या तोंडी परतावयाची. यांच्यात पवार, जाधव, वाघमारे अशी आडनावे आहेत. पवार आणि जाधव मराठ्यांतही आहेत. या योगायोगाचा एका मुलास काय उपयोग झाला, हे आमच्या लक्षात यावयास हवे होते.

१९८८ च्या सुमारास नववीत आमच्याकडे असा एक मुलगा होता. वेल्ह्याकडचा, भोरात एका दुकानाच्या ओटीवर निजणारा, पडेल ते काम करून शिकणारा. त्याच्या वाडीचे दुसरे कोणी शाळेत नव्हते. आडनावावरून सारे त्याला मराठा समजत, आणि तो समजू देई. मधल्या सुटीत चार मुलांच्या डब्यांत त्याची भाकरी असे. आम्ही 'कर्णाची चूक' या विषयावर निबंध घातला. बाकीच्यांनी खोटे बोलू नये, दुर्जनाची संगत धरू नये, असे लिहिले. या मुलाने निम्मे पान परशुरामावरच खर्च केले होते. त्याचे म्हणणे असे की, गुरूने विद्या द्यावयाची होती, तर कुळ विचारले कशाला? विचारले नसते तर कर्णास खोटे बोलावे लागले नसते. आम्ही समासात तांबड्या शाईने 'विषयांतर' असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले.

त्यानंतर पंधरवडाही झाला नसेल. कचेरीतून आदिवासी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची यादी आली. अशी यादी भर वर्गात वाचावयाची, अशी तेव्हा आमच्या शाळेत रीत होती. आम्ही खणखणीत आवाजात नाव वाचले आणि पुढच्या रकान्यातील जातही वाचली. सगळा वर्ग एकदम मागे वळला. मुलगा उठला, पुढे आला, अर्ज घेऊन जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी बाकावर तो एकटा होता, आणि मधल्या सुटीत पाण्याच्या टाकीपाशी एकटाच भाकरी खात होता. आम्ही हे पाहिले. पाहून काही केले नाही. दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही. 'भट्टीवर गेला असेल' असे हजेरीपटाकडे पाहून आम्ही म्हणालो. म्हणताना आमचा स्वर अगदी सहज होता, हे आज आठवते.

सात-आठ वर्षांपूर्वी काही कामानिमित्त आम्ही वेल्ह्याच्या तहसील कचेरीत बसलो होतो. (त्या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे.) खिडकीशी एक चाळिशी उलटलेला गृहस्थ मुलीचा जातीचा दाखला मागत होता. कारकुनाने जात विचारली. "कातकरी," असे त्याने साऱ्या ओसरीला ऐकू जाईल एवढ्याने सांगितले, आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून, "लिही गं, दीर्घ री," असेही म्हणाला. मग वळून आमच्याकडे निरखून पाहिले.

"वळखलं का गुरुजी? नववी ब."

आम्ही ओळखले. काय बोलावे ते सुचेना. यादीचे आम्हीच काढले. तो हसला. "तवा लई लागलं. पण गुरुजी, यादी नसती तरी कवातरी कळणारच हुतं. रोज डब्यात हात घालताना भ्या वाटायचं, तेवढं त्या दिशी संपलं बगा." आम्ही निबंधाचे विचारले; तो त्याच्या लक्षात नव्हता.

त्याची अडचण निराळीच होती. अनुसूचित जमातीच्या दाखल्यास १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. भट्टीमागे हिंडलेल्या कुळाजवळ सातबारा नाही, जन्माची नोंद नाही, आजा-पणजाचे कागद कोठून आणावयाचे? घरात शाळा पाहिलेला तो पहिलाच. तेव्हा त्याच्या नावापुढे जात लिहिलेला जुन्यात जुना कागद म्हणजे आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर. तेवढ्याने भागेल की नाही याची खात्री नव्हती, तरी चौकशीअंती सादर करता येईल असे कारकून म्हणाला.

पुढच्या सोमवारी बापलेक भोरास आली. आमच्या घरी जेवली. सूनबाईंनी पंगतीतच पाने मांडली. मग आम्ही तिघे शाळेत गेलो. जुनी रजिस्टरे लोखंडी कपाटात वाळवी लागून चिकटली होती. तासाभराने पान सापडले. शाई उडाली होती, तरी जातीचा रकाना स्पष्ट होता. लेखनिकाने उताऱ्यावर नोंद उतरविली, शिक्का मारला. मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने उतारा खिडकीशी नेऊन शब्दन् शब्द वाचला आणि वाडीच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे, असे सांगितले. लेखनिकाने मूळ पान पुन्हा उघडून पाहिले. चूक तेथेही होती. ती सुधारता आली नाही. जनरल रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.