करधईच्या रानातलं दशक

मार्च 2025मध्ये शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान देशातला 58वा व्याघ्र प्रकल्प झालं. ग्वाल्हेरमधल्या आमच्या दौलतगंजात महिनाभर तोच विषय होता. वाघ परतला याचा मलाही आनंद आहे. पण सगळं बोलणं जिप्सी, सफारी आणि हॉटेलं यांभोवतीच फिरत राहिलं. ग्वाल्हेरच्या उंबऱ्यावरच्या घाटीगावचं नाव कुणी घेतलं नाही, ते मला फार लागलं.

संस्थानकाळातल्या शिकारींच्या कथा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या प्रत्येक मराठी घरात सांगून झाल्या आहेत. त्या बाजूला ठेवू. मला सांगायचंय ते 1981नंतरच्या दहा वर्षांबद्दल.

त्या वर्षी माळढोक पक्ष्यासाठी दोन अभयारण्यं झाली. एक शिवपुरी जिल्ह्यातलं करैरा, दुसरं आमचं घाटीगाव. करैऱ्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी माळढोकाचा अभ्यास करत होते. आम्हा पोरांना घाटीगाव जवळचं. शिवपुरीच्या बसने उतरायचं आणि पायवाट धरायची.

रान करधई, खैर, सालई, पळसाचं. करधईचं लाकूड जड आणि चिवट, आणि झाडही तसंच. उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसतं, पण जूनमध्ये हवा नुसती दमट झाली की पाऊस पडण्याआधीच हिरवं होतं. त्याच सुमारास नवरंग येतो. सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची शीळ घुमायची. ओढ्याच्या सावलीत मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी, स्वर्गीय नर्तक, पांढरी शेपटी हलवत किडे टिपायचा. दगडाळ उतारावरची पखुर्डी पाय पडेपर्यंत जागची हलायची नाही. उघड्या माळावर चिंकारा थबकून बघायचा. पक्षी बघणाऱ्या आमच्या गटातल्या गुरुजींची शिस्त एकच होती : आधी कान, मग दुर्बीण. पायी चालल्याशिवाय कान तयार होत नाहीत, हे त्या वाटेनेच शिकवलं.

मग फर्शीच्या खाणी वाढल्या. सुरुंगांचे आवाज आणि ट्रकांची धूळ पायवाटेपर्यंत पोचली. आम्ही अर्ज घेऊन गेलो, तेव्हा एका साहेबांनी सांगितलं, पक्षी उडून दुसरीकडे जातील. त्यांचं उत्तर तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे. नवरंग जमिनीवर किंवा खालच्या फांदीत घरटं बांधतो. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. जमीनच उकरली तर उडून जायचं कुठे?

करैऱ्यात वेगळं घडलं. गावकऱ्यांच्या जमिनींच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली, वाढलेल्या काळविटांनी पिकं खाल्ली, आणि ज्यांच्या शेतात तो पक्षी वावरायचा तेच लोक त्याला वैतागले. नव्वदच्या दशकात तिथून माळढोक गेला. घाटीगावातूनही गेला. 2022मध्ये राज्यातल्याच कुनो राष्ट्रीय उद्यानात विमानाने चित्ते आणले, त्याचं कौतुक झालं. पण ज्या पक्ष्यासाठी दोन अभयारण्यं केली, तो आज मध्य प्रदेशात नाही. मोठ्या जनावराला पैसा मिळतो, भिंत मिळते, बातमी मिळते. जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्याच्या वाट्याला फक्त फलक येतो.

करधई अजून आहे, नवरंग अजून येतो. त्याचाही नुसता फलक होण्याआधी घाटीगावात एक आखलेली पायवाट हवी. तिथली तरुण मुलं पगारी वाटाडे म्हणून हवीत आणि त्या पट्ट्यात एकही खाण नको. ग्वाल्हेरकरांनो, ही मागणी वनखात्याकडे लेखी करा. आणि येत्या जूनमध्ये रीतसर परवानगी काढून मुलांना त्या रानात पायी घेऊन जा.