एक तलाव, अनेक वाटेकरी

'जीवनकलह' हा शब्द मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. डार्विनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १८५९ साली प्रकाशित झाला, आणि त्यानंतर या कल्पनेबरोबर एक समजूतही सर्वत्र रूढ झाली, ती अशी की, निसर्गात 'बळी तो कान पिळी' हा एकच न्याय चालतो. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. ती कोठे अपुरी पडते हे पाहण्यासाठी इंदूरकरांस फार दूर जावयास नको. धार रस्त्यावरील सिरपूरचा तलाव त्यास पुरेसा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी होळकर संस्थानाने शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी हा तलाव बांधविला. हिवाळ्यातील सकाळी त्याच्या काठी उभे राहिले म्हणजे प्रथम नुसती गर्दी दिसते. इतके पक्षी एकाच पाण्यावर जमले असता त्यांच्यात अखंड भांडण का होत नाही, याचे नवल वाटते. पण घटकाभर स्वस्थपणे न्याहाळल्यास या गर्दीतील व्यवस्था ध्यानी येते. अगदी काठाच्या ओल्या चिखलात तुतारी आपली बारीक चोच खुपसून किडे वेचीत असते. तिच्यापुढे वीतभर पाण्यात, लांब तांबड्या पायांवर शेकाट्या चालत असतो. थापट्या बदक आपल्या पसरट चोचीने पृष्ठभागावरील पाणी गाळून सूक्ष्म जीव खाते. तलवार बदक डोके खाली व शेपटी वर करून, लांब मानेच्या साहाय्याने तळाशी पोहोचते. त्याहूनही खोल पाण्यात लालसरी बुडी मारून पाणवनस्पती खाते, तर पाणकावळा मासळीचा पाठलाग करतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवरून पावले टाकीत हिंडतो, आणि खंड्या वरून सूर मारतो. म्हणजे तलाव एक, पण त्यातील पंक्ती अनेक. कोणाची चोच, कोणाचे पाय व कोणाची मान किती लांब, यावर ज्याचे त्याचे पान ठरलेले आहे.

ही वाटणी का व्हावी, याचे उत्तर गॉझ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ साली आपल्या प्रयोगांतून मांडले. पॅरामीशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती त्याने एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढविल्या. वेगवेगळ्या ठेवल्या असता दोन्ही जोमाने वाढत. पण एकत्र ठेवताच एक जात टिकली व दुसरी अखेर नष्ट झाली. पुढे त्याने एक तिसरी जात घेतली. ही जात नळीच्या तळाशी राहून किण्व खाई, आणि तिची सोबतीण वरच्या पाण्यातील जिवाणू खाई. या वेळी मात्र दोघीही जगल्या. तात्पर्य, ज्यांची गरज तंतोतंत एक आहे असे दोन जीव एका जागी फार काळ नांदू शकत नाहीत. गरजा थोड्या भिन्न असल्या, तर नांदतात.

शेजारधर्माचे इतर प्रकारही या काठावर आढळतात. चरणाऱ्या म्हशींच्या पायांमुळे गवतातील किडे उडतात व गायबगळ्यांस ते आयते मिळतात. म्हशींचे त्यात काही जात नाही. दलदलीवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी दिसताच वारकरी पक्षी एकमेकांस खेटून दाट थवा करतात. आणि टिटवीने आरोळी ठोकली की, ती ज्यांच्यासाठी नव्हती असे पक्षीदेखील सावध होतात.

आता प्रश्न असा की, ही घडी कशाने विसकटते? त्याचे एक उत्तर जलपर्णी हे आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तेथे तिला खाणारे कीटक आहेत. शोभेच्या फुलांसाठी ती परदेशी नेली गेली, पण तिचे हे शत्रू मागेच राहिले. सांडपाण्यातील खतावर पोसून ती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. तिचे जाळे पसरले म्हणजे खाली ऊन पोहोचत नाही, बुडालेल्या वनस्पती मरतात, आणि कुजणाऱ्या पानांमुळे पाण्यातील प्राणवायू घटून मासळी गुदमरते. बुडी मारणाऱ्यास मोकळे पाणी उरत नाही. कमळपक्ष्यास व जांभळ्या पाणकोंबडीस हे जाळे सोयीचे वाटेल. पण अनेक पंक्ती उठून एकच उरते. १९८३ पासून भारतात तिच्या मायदेशातील भुंगेरे सोडण्यात आले आणि बंगळूर परिसरातील तलावांत त्यांनी तिचा जोर मोडला. तथापि सांडपाणी वाहत राहिले, तर तिला पुन्हा पुन्हा बळ मिळणारच.

दुसरे उत्तर अधिक सौम्य दिसते, म्हणून ते अधिक घातक आहे. उथळ काठ भरून काढणे, अथवा तो सरळ व खोल करून दगडांनी बांधणे, हे अनेकांस सुधारणेचे लक्षण वाटते. पाणी तितकेच राहते, कदाचित वाढतेही. पण तुतारीचा चिखल व शेकाट्याचे वीतभर पाणी नाहीसे होते. त्यांनी जावे कोठे? यशवंत सागराच्या उथळ गवताळ काठांमुळेच तेथे सारस पक्ष्यांस आसरा मिळाला आहे.

सिरपूर वाचविण्यासाठी चित्रकार व छायाचित्रकार भालू मोंढे आणि 'नेचर व्हॉलंटियर्स' या संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे खटपट केली. २०२२ साली सिरपूर व यशवंत सागर या दोन्ही तलावांचा, १९७१ च्या रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत समावेश झाला. २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदुरासही पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली.

हा मान शहरास भूषणावह आहे. पण पक्ष्यांस सन्मानपत्र वाचता येत नाही. त्यांना पाण्याची खोली कळते. तलावाकडे येणारे सांडपाणी अडविणे, आणि काठाचा गबाळा दिसणारा चिखल तसाच राहू देणे, या दोन गोष्टी नगरवासीयांस साधल्या, तर सिरपूरच्या पंक्ती मोडणार नाहीत.