चार बाद पाचपासून पुढे

१५ ऑक्टोबर २०२५ ला सकाळी तिरुवनंतपुरममध्ये महाराष्ट्राची धावसंख्या होती ४ बाद ५. रणजी हंगामाचा पहिलाच दिवस, समोर गेल्या हंगामातला उपविजेता केरळ. पृथ्वी शॉ शून्य, अर्शिन कुलकर्णी शून्य, सिद्धेश वीर शून्य, कर्णधार अंकित बावणे शून्य. पहिल्या पाचांपैकी चौघांना भोपळाही फोडता आला नाही, आणि पहिले तीन गडी बाद झाले तेव्हा तर फलकावर एकही धाव नव्हती. आमच्या नगरच्या केडगावात त्या दिवशी क्रिकेटचा विषय निघाला की लोक एकमेकांना हा आकडा दाखवत होते. ॲप बिघडलंय का, असं विचारणारेही भेटले.

ॲप ठीक होतं. ज्याला हा संघ जवळून माहीत आहे, त्याला ही पडझड नवी नाही. त्याच्या वर्षभरापूर्वी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर, आपण मुंबईविरुद्ध पहिल्या डावात १२६ मध्ये गुंडाळले गेलो होतो. दुसऱ्या डावात ऋतुराज गायकवाडने १४५ काढल्या, बीडच्या सचिन धसने ९८. संघाने ३८८ पर्यंत मजल मारली, पण पहिल्या सकाळचं नुकसान भरून निघालं नाही. मुंबई नऊ गडी राखून जिंकली. तो हंगाम गटातच संपला. माझं निदान तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: या संघाचा आजार नव्या चेंडूचा आहे. गुणवत्ता आहे, तळाला फलंदाजीही आहे. पण हंगामाच्या सुरुवातीला, ओलसर सकाळी, चेंडू हलत असताना पहिला तास खेळून काढणं या फळीला जमत नाही.

केरळविरुद्ध सावरलं ते दोघांनी. ऋतुराजने ९१ केल्या आणि जलज सक्सेनाने ४९. दोघांनी १२२ धावांची भागीदारी केली. जलज अनेक वर्षं केरळकडून खेळला आणि २०२५-२६ च्या हंगामात आपल्याकडे आला. तेव्हा वय ३८. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी हा टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू. पाच बाद १८ वरून संघ २३९ पर्यंत पोहोचला, केरळला २१९ वर रोखलं आणि २० धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिला, तीन गुण पदरात पडले. ज्या डावात चार शून्यं आहेत त्या डावावर आघाडी मिळणं ही गोलंदाजांची कमाई आहे, आणि तिची चर्चा फार कमी झाली.

दुसरा सामना चंडीगडला. पहिल्या डावात ऋतुराजचं शतक, ११६. दुसऱ्यात पृथ्वी शॉने १५६ चेंडूंत २२२ फटकावल्या, त्यातलं द्विशतक १४१ चेंडूंत. १४४ धावांनी विजय, सहा गुण. सामनावीराचा मान ऋतुराजने पृथ्वीबरोबर वाटून घेतला. मुंबई सोडून आलेल्या पृथ्वीला या संघात जागा आहे, हे ऋतुराजने न बोलता सांगितलं. मला ते द्विशतकाइतकंच मोलाचं वाटतं.

दोन सामन्यांत नऊ गुण, म्हणजे कागदावर सुरुवात बरी. तरी मी हा संघ सावरला असं म्हणणार नाही. सगळा भार ऋतुराजवर आहे, आणि ऋतुराज भारताच्या कुठल्यातरी संघाकडे कधी जाईल ते सांगता येत नाही. तो गेला की डाव बांधायचा कोणी? बावणेंचा अनुभव मोठा आहे, पण आता त्यांच्याकडून मोठी खेळी यायला हवी. अर्शिन आणि सिद्धेशला सलग संधी द्यावी, दोन अपयशांवर बदलू नये. २०२५-२६ च्या गटात कर्नाटक, सौराष्ट्र, मध्य प्रदेश, पंजाब होते. सात साखळी सामने आणि फक्त पहिले दोन संघ पुढे. इथे एक वाईट सकाळ अख्खा हंगाम खाते.

हा संघ म्हणजे नेमका कोणाचा, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. राज्य एक, रणजीचे संघ तीन. मुंबईचा वेगळा, विदर्भाचा वेगळा, आणि उरलेला सगळा मुलूख महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचा: पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, मराठवाडा, आणि आमचा नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. मुंबईकडे ४२ रणजी करंडक आहेत. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन जिंकले. आमच्याकडे दोन, १९३९-४० आणि १९४०-४१ चे, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखालचे. दुसऱ्या हंगामात देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ केल्या, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर तीनदा अंतिम फेरी, तिन्हीदा हार.

मोठेपण हातातोंडाशी येऊन निसटणं या संघाच्या इतिहासातच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम मोडायला दहाच धावा हव्या होत्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६. काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला. रणजीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे, आणि भाऊसाहेबांना एकही कसोटी मिळाली नाही.

माझ्या पिढीचा हंगाम २०१३-१४ चा. वानखेडेवर उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला हरवलं, केदार जाधव आणि विजय झोल शेवटपर्यंत उभे होते. केदारने त्या हंगामात १२२३ धावा केल्या. उपांत्य फेरीत समद फल्लाहने बंगालची दाणादाण उडवली. हैदराबादला अंतिम सामन्यात कर्नाटकाने सात गड्यांनी हरवलं. पण तो संघ कोणालाही घाबरत नव्हता.

नगरकराच्या मनात आणखी एक सल असते. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. आमच्या जिल्ह्याने देशाला दिलेले हे दोन खेळाडू, आणि दोघांनी रणजी करंडक उंचावला तो दुसऱ्यांसाठी: झहीरने बडोद्यासाठी आणि मुंबईसाठी, रहाणेने मुंबईसाठी. २०२४ मध्ये आपल्याला नऊ गड्यांनी हरवणाऱ्या मुंबईचा कर्णधार रहाणेच होता. त्याचा अभिमान कमी होत नाही. फक्त त्या दिवशी टाळ्या कुठल्या बाजूला वाजवायच्या हे कळत नाही.

केडगाव पुणे रस्त्यावरच आहे, तरी असोसिएशनच्या गहुंजे मैदानापर्यंत जायचं तर शिक्रापूर, वाघोलीची कोंडी पार करून अख्खं पुणे ओलांडावं लागतं. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, सहा संघ: पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर. नगरचं नाव त्यात नव्हतं. आमच्या पोरांनी टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवायच्या आणि लेदर बॉलचा खेळ मोबाइलवर बघायचा, हे बरोबर नाही. वाडिया पार्कसारखं मैदान शहरात असताना निदान वयोगटाचे सामने इथे नियमित व्हावेत. पोरांना महाराष्ट्राची टोपी घातलेला खेळाडू समोर दिसायला हवा.

१ नोव्हेंबर २०२५ पासून नाशिकला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सौराष्ट्राशी सामना होता. प्रवेश सोपा, मैदान गावात, आणि त्या वर्षीच्या जानेवारीत याच मैदानावर आपण बडोद्याला ४३९ धावांनी लोळवलं होतं. केडगावातले काही जण संगमनेरमार्गे निघायचं म्हणत होते, मीही त्यांच्यात होतो. आम्हाला पहिला तास चुकवायचा नव्हता. आमचा हिशोब असा होता: सलामीची जोडी नव्या चेंडूवर बारा-पंधरा षटकं टिकली, तर ऋतुराजला जुन्या चेंडूवर डाव सुरू करता येईल, आणि जलजला सातव्या क्रमांकावर आग विझवण्याऐवजी धावा वाढवायला मिळतील. मुकेश चौधरी, रामकृष्ण घोष, विकी ओस्तवाल यांच्या हातात साडेतीनशेच्या आसपास धावा दिल्या, तर हे गोलंदाज सौराष्ट्रालाही दोनदा बाद करू शकतात.